ढक्कन नको, मिलिलिटर सांगा

श्रावण लागला की आमच्या कीटकनाशकांच्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं एकाच वेळी येतात. एकाच्या हातात सोयाबीनचं चाळणी झालेलं पान असतं, दुसऱ्याच्या घरात कुणीतरी डासांच्या तापानं निजलेलं असतं. प्रश्न मात्र दोघांचा एकच: "वहिनी, किती ढक्कन टाकू?" इंदूरच्या छावणीत धान्य मंडीजवळच्या या काउंटरमागे बसून मला सत्तावीस वर्षं झाली, आणि एवढी वर्षं मी या एका शब्दाशी भांडते आहे. ढक्कन हे माप नाही. एका बाटलीच्या ढक्कनात पाच मिलिलिटर मावतं, दुसरीच्या ढक्कनात त्याच्या तिप्पट. आपण ज्या वस्तूबद्दल बोलतोय ती तर मिलिलिटरच्या हिशेबानंच वापरायची असते.

दुसरा घात "दवाई" या शब्दानं केला. खेड्यावरून येणारा माणूस दवाई म्हणतो, आपण मराठी घरांत औषध म्हणतो. औषध म्हटलं की मन सैल होतं, थोडं जास्त झालं तरी लवकर गुण येईल असं वाटतं. हे विष आहे, आणि विष म्हणूनच ते हाताळायचं. पुढे मीही सवयीनं औषधच लिहीन, तुम्ही वाचताना विष वाचा.

घरापासून सुरुवात करते, कारण इंदूरच्या मराठी वस्त्यांतून मला सगळ्यांत जास्त विचारणा डासांची होते.

शेताचं औषध घरात मारू नका. भाऊबंदांच्या शेतावरून सायपरमेथ्रिनची उरलेली अर्धी बाटली आणायची, पाण्यात घालून पलंगाखाली, मोरीत, पडद्यांवर फवारायची, असं करणारी घरं मी पाहिली आहेत. नाव ओळखीचं असतं, घरगुती स्प्रेच्या डब्यावरही त्याच घराण्यातलं नाव असतं, म्हणून लोकांना वाटतं चालेल. पण शेताच्या ईसी, म्हणजे पाण्यात मिसळून फवारायच्या अर्काच्या, बाटलीत कीटकनाशकाबरोबर तेलकट द्रावक असतं, आणि ते उघड्या शेतासाठी केलेलं असतं. बंद खोलीत तान्हं मूल रांगतं, तिथे ते चालत नाही. कुणी घरासाठी मागितलं तर मी देत नाही. गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

माळ्यावर डायक्लोरव्हॉसची जुनी बाटली असेल तर आजच खाली उतरवा. एके काळी ढेकूण-झुरळांसाठी घरोघर वापरलं जाणारं हे औषध आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. मोरीत ओतू नका. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, बूच घट्ट लावून, पिशवीत गुंडाळून, गाडीवाल्याला सांगून त्यात द्या.

आता डास. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्या शहराला स्वच्छतेचा मान आहे, त्याचा या डासाला काही फरक पडत नाही. उलट नर्मदेचं पाणी आपल्याकडे बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं, म्हणून प्रत्येक घरात साठा असतो: जुन्या वाड्यांतले हौद, गच्चीवरच्या टाक्या, मोरीतली पिंपं. त्यात भर म्हणजे मे महिन्यात लावलेला कूलर. पावसाळा सुरू झाला की तो बंद होतो, पण तळाशी बोटभर पाणी राहतंच. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास पावसाळी हवेत सात ते दहा दिवसांचा. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि प्रत्येक भांडं रिकामं करा. माझा रविवार आहे.

रिकामं करून भागत नाही, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. पाणी ओतून दिलं, पुन्हा भरलं, तर तीच अंडी पाण्यात आली. म्हणून काथ्यानं किंवा खरखरीत ब्रशनं कडा घासा, विशेषतः पाण्याची रेघ जिथे उमटते ती जागा. कूलरची जाळी उन्हात टाका. फ्रीजच्या मागचा ट्रे, तुळशीवृंदावनाखालची ताटली, गच्चीत पडलेलं टायर हेही बघा.

उपसता येत नाही असा मोठा हौद असेल तर टेमेफॉस. हे अळ्या मारायचं औषध आहे, उडणाऱ्या डासाला त्याचं काही होत नाही. वाळूसारख्या दाण्यांच्या रूपातलं एक टक्क्याचं टेमेफॉस शंभर लिटर पाण्याला दहा ग्रॅम या प्रमाणात टाकलं की पाण्यात एक लिटरला एक मिलिग्रॅम उतरतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं घातलेली कमाल मर्यादा तीच आहे. पण पन्नास टक्क्यांचं द्रव टेमेफॉस पिण्याच्या पाण्यात घालायचं नाही. ते नाल्यांतल्या, बांधकामाच्या खड्ड्यांतल्या साचलेल्या पाण्यासाठी. आरोग्य विभागाची माणसं दारावर येतात तेव्हा त्यांच्याकडूनच हौदात टाकून घ्या, स्वतः विकत आणून अंदाजानं टाकू नका.

धुराची गाडी गल्लीतून गेली की मनाला बरं वाटतं. त्या धुरानं त्या घटकेला उडत असलेले डास मरतात, एवढंच त्याचं काम. हौदातल्या अळ्या दुसऱ्या दिवशी पंख फुटून बाहेर येतात. गाडी आली तर खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाक झाका, आणि मग घासायचा ब्रश हातात घ्या.

कॉइल, लिक्विड, मॅट यांत बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. हा गट शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातल्या द्रव्यावरून घडवलेला आहे. माणसाला त्यामानानं कमी बाधतो, पण माशांना फार विषारी आणि मांजरांनाही. घरात मत्स्यपेटी असेल तर त्या खोलीत लावू नका. एखादी खिडकी किलकिली ठेवा. पाकिटावर सीआयआर अशा अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा, तो नसलेल्या स्वस्त डास-अगरबत्त्या बाजारात येतात आणि त्यांत काय जळतंय हे कुणालाच कळत नाही. मच्छरदाणी मला या सगळ्यांपेक्षा आवडते.

आमच्या सासूबाईंच्या लहानपणी फवारणीची टोळी यायची, भिंतींवर डीडीटीचा पांढरा थर बसायचा आणि दारावर खडूनं तारीख लिहिली जायची, हे त्या अजून सांगतात. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि मलेरिया इतका ओसरला की १९५८ पासून निर्मूलनाची भाषा सुरू झाली. मग १९७६ मध्ये चौसष्ट लाख रुग्ण झाले. कारणं बरीच होती, पण डासांना औषध पचू लागलं होतं हे त्यांतलं एक. तेच रसायन वर्षानुवर्षं मारत राहिलं की जे किडे त्यातून वाचतात त्यांचीच पिल्लं पुढे वाढतात. शेतात आणि घरात आपण एकाच घराण्याची औषधं वापरतो, तेव्हा शेताच्या कडेला वाढणारा डास दोन्हीकडून शिकतो. म्हणून शेताची गोष्ट ही घराचीही गोष्ट आहे.

शेताकडे वळते. इथे मला जास्त बोलायचं आहे.

२०११ च्या श्रावणात सांवेरकडच्या आमच्या शेतावर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सोयाबीनवर ट्रायझोफॉस मारत होते. गर्डल बीटलसाठी, म्हणजे खोडाला खाचा करणाऱ्या भुंग्यासाठी, तेव्हा तेच चालायचं, शिफारसही होती. उकाडा म्हणून अंगात सदरा नव्हता. पंपाच्या झाकणाचं वॉशर गेलेलं, प्रत्येक पावलाला थोडं थोडं पाठीवरून कमरेपर्यंत ओघळत होतं. दुपारी चारच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला पाणी सुटायला लागलं, मग ओकाऱ्या. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कोणतं औषध?" कुणाला सांगता येईना. भाऊजींनी ते माझ्याच दुकानातून नेलं होतं, पण नेण्याच्या सोयीसाठी पाण्याच्या बाटलीत ओतून घेतलं होतं, आणि मी ते ओतू दिलं होतं. मला फोन लागेपर्यंत बराच वेळ गेला. भाऊजी वाचले, चार दिवसांनी घरी आले. ट्रायझोफॉसही डायक्लोरव्हॉसबरोबरच ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं. पण त्या श्रावणापासून मी कुणालाही कुठलंही औषध दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेलं नाही, आणि पुढे जे लिहिते आहे ते त्या दिवशी मला जे ठाऊक असूनही मी आग्रहानं सांगितलं नव्हतं, ते आहे.

आधी शेतात जा, मग दुकानात या. मी इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकले. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली इंदूरला आले आणि इथेच त्यांनी खताची ती पद्धत बसवली, जी जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. आमचे शिक्षक त्यांचं नाव घेऊन सांगायचे की रोप का आजारी पडलं हे आधी बघा. ते मला पटलेलं आहे. अळी दिसली की फवारणी, असं करू नका. शेतात पाच-सहा ठिकाणी एक एक मीटर ओळ निवडा, रोपं हलकेच जमिनीकडे झटका, खाली पडलेल्या अळ्या मोजा. सेमीलूपर, म्हणजे पाठीला बाक काढत चालणारी हिरवी उंटअळी, मीटरमागे तीन-चार निघाल्या तर फवारणीचा विचार करायचा. एखादी दिसली तर थांबा. फुलोऱ्याआधी थोडीफार पानं खाल्ली गेली तरी सोयाबीन ती भरून काढतं. शेतात इंग्रजी टी आकाराच्या काठ्या रोवा, त्यांवर बसून पक्षी अळ्या टिपतात. सोयाबीनवरही येणाऱ्या तंबाखूच्या अळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावा.

गर्डल बीटलचं वेगळं. तो देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा करतो, मधे अंडी घालतो, वरचा भाग माना टाकतो. असे सुकलेले शेंडे पहिल्या आठवड्यातच खालच्या खाचेच्याही खालून तोडून शेताबाहेर नेऊन नष्ट केले तर पुष्कळ काम होतं. पण त्यासाठी रोज शेतात फिरावं लागतं, आणि हल्ली बरेच जण इंदुरात राहून शेती करतात.

फवारायचं ठरलं तर औषधाचं नाव घेऊन येऊ नका. किडीचं आणि पिकाचं नाव घेऊन या, जमलं तर पिशवीत दोन पानं आणि एक अळी आणा. प्रत्येक औषधाची नोंदणी ठरावीक पिकासाठी आणि ठरावीक किडीसाठी होते, १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानं ते लेबलवर छापणं बंधनकारक आहे. कापसावरचं औषध भेंडीवर मारणं चुकीचं, कारण भेंडी दुसऱ्या दिवशी तोडून खाल्ली जाते. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं हेही लेबलवर असतं. भाजीवाल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

बाटलीवर कोपऱ्यावर उभा असलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्याचा रंग बघा: लाल, पिवळा, निळा, हिरवा, या क्रमानं विषाची तीव्रता उतरत जाते. लाल म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांपैकी निम्मे मरायला शरीराच्या एका किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच मात्रा पुरते. हिरव्यात ती ५,००० मिलिग्रॅमच्या वर असते. एकाच किडीसाठी दोन औषधं असतील तर खालच्या रंगाचं मागा. हिरवा असला तरी हातमोजे घालायचेच.

आता ढक्कनाचा हिशेब. सोयाबीनमधल्या अळ्यांसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससीची (म्हणजे १८.५ टक्के औषध असलेल्या घट्ट द्रवाची) शिफारस हेक्टरी १५० मिलिलिटर आहे. पाठीवरच्या पंपानं फवारताना हेक्टरी ४५० ते ५०० लिटर पाणी लागतं. पंप १५ लिटरचा. ५०० भागिले १५, म्हणजे ३३ पंप आणि वर थोडं. १५० भागिले ३३, म्हणजे पंपाला साडेचार मिलिलिटर. आता हेच औषध इंजिनाच्या पॉवर स्प्रेअरनं मारलंत, तर हेक्टरी सव्वाशे लिटर पाणी पुरतं, म्हणजे आठ-साडेआठ टाक्या, आणि टाकीला १८ मिलिलिटर. औषध तेच, शेत तेच, पण एका टाकीत चौपट फरक. म्हणून "पंपाला किती" असं मला विचारू नका. जमीन किती, पंप कोणता, हे सांगा, मी हिशेब कागदावर लिहून देते.

जमीन बीघ्यात सांगितलीत तर मी खसरा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद, मागते. आपल्याकडे साधारण चार बीघे म्हणजे एक हेक्टर धरतात, पण गावागणिक बीघा बदलतो. खसऱ्यावर आकडा हेक्टरमध्ये असतो, तोच खरा. दोन बीघे म्हणजे अर्धा हेक्टर धरला तर ७५ मिलिलिटर औषध, २५० लिटर पाणी, सतरा पंप. सतरा पंप ऐकून लोकांचे चेहरे पडतात. आठ पंपांत उरकायचं आणि औषध दुप्पट टाकायचं, ही आपल्याकडची रीत. पानाच्या खालच्या बाजूला थेंब पोचत नाही, वरच्या बाजूला विष साचतं, अळी खाली बसून खात राहते. मग पुढच्या आठवड्यात तोच माणूस येऊन म्हणतो की औषध नकली होतं.

आपली चाल बरोबर आहे का, हे पाहायची एक सोपी रीत आहे. शेतात २० मीटर लांब, १५ मीटर रुंद असा तुकडा चार काठ्यांनी आखा. पंपात नुसतं पाणी १५ लिटर भरा आणि रोजच्या चालीनं फवारा. तुकडा आणि पाणी बरोबर संपलं तर तुमची फवारणी हेक्टरी ५०० लिटरच्या हिशेबात आहे. पाणी उरलं तर तुम्ही घाईत चालताय. हे साध्या पाण्यानं करताना पंप कुठे गळतो तेही कळतं, आणि मला वाटतं ही तपासणी त्यासाठीच जास्त मोलाची आहे.

माप दुकानातून मागून घ्या, मी बाटलीबरोबर मापाचा पेला देतेच. तो स्वयंपाकघरात कधीही जाऊ द्यायचा नाही, त्यावर लाल पट्टी चिकटवा. बादलीत थोड्या पाण्यात औषध काठीनं ढवळा, हातानं नाही. पंप अर्धा भरा, हे द्रावण ओता, मग वरून पाणी भरा. विहिरीचं गाळाचं पाणी फडक्यानं गाळून घ्या. कीटकनाशक, तणनाशक, टॉनिक, बुरशीनाशक सगळं एकत्र ढवळायची जी टूम निघाली आहे ती धोक्याची आहे. एकत्र करण्याची लेखी शिफारस असेल तेवढंच एकत्र करा. तणनाशकाचा पंप आणि हा पंप वेगळा ठेवा, नोझलही वेगळं: कीटकनाशकाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारं.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा, मास्क. पँट बुटाच्या वरून सोडा, बुटात खोचू नका, नाहीतर ओघळलेलं सगळं बुटात जमतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा, वारा पाठीकडून किंवा बाजूनं घ्या. पीक फुलात असेल तर संध्याकाळच बरी, कारण दिवसा मधमाश्या येतात. उपाशीपोटी जाऊ नका. मधे विडी, तंबाखू, चहा नाही. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुना मऊ ब्रश खिशात ठेवा. परत आल्यावर आधी साबणानं आंघोळ, मग बाकी सगळं. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, आणि धुणारीला सांगा की ते कशाचे आहेत. हे सांगायचं राहून जातं, आणि हात तिचे भाजतात.

पुढच्या वेळी औषध बदला, आणि बदलताना फक्त नाव बदलू नका, गट बदला. लॅम्बडा-सायहॅलोथ्रिननंतर सायपरमेथ्रिन मारणं म्हणजे तेच परत मारणं, दोन्ही पायरेथ्रॉइड. बिलावर मी गट लिहून देते. बिल मात्र प्रत्येक दुकानात मागाच: बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेलं. बिलाशिवाय दहा-वीस टक्के स्वस्त मिळालेल्या औषधाची तक्रार तुम्ही कुणाकडे करणार?

कुणाला त्रास झालाच तर हे लक्षात ठेवा. घाम सुटणं, लाळ गळणं, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, स्नायू फडफडणं, ही ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या, म्हणजे ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस ज्यात येतात त्या गटाच्या, विषबाधेची लक्षणं. माणसाला फवारलेल्या शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबणपाण्यानं अंग धुवा. तुम्ही स्वतः हातमोजे घाला. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार. पोटात गेलं असेल तर ओकारी काढू नका, द्रावक फुप्फुसात जातं. दूध, तूप, लिंबू काही पाजू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा आणि लेबलसकट बाटली बरोबर न्या. या गटावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, तो डॉक्टरच देऊ शकतात, आणि कोणत्या गटाचं विष आहे हे त्यांना त्या कागदावरून क्षणात कळतं.

रिकामी बाटली तीनदा पाण्यानं खळबळा, ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला खिळ्यानं भोकं पाडा, म्हणजे कुणी तिच्यात रॉकेल किंवा तेल भरणार नाही. उरलेलं औषध मूळ बाटलीतच, कुलपात, धान्यापासून लांब ठेवा. आमच्या सांवेरच्या खोलीत आता लोखंडी पेटी आहे. त्या मोसमात वापरायच्या प्रत्येक औषधाच्या लेबलची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून भाऊजी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतात, आणि एक प्रत वहिनीच्या, म्हणजे माझ्या, फोनवर पाठवतात.